परसातला रेड ओक: ओंडक्यापासून मुरलेल्या फळीपर्यंत

अमेरिकेच्या पूर्वेकडे किंवा मिडवेस्टात घर घेतलं, की परसात रेड ओक असण्याची शक्यता भरपूर. वादळात तो पडतो किंवा छपरावर झुकतो म्हणून काढावा लागतो. मग झाडं कापणारे येतात, सोळा-सोळा इंचांचे तुकडे करून सरपणाचा ढीग लावतात आणि पैसे घेऊन जातात. त्याच खोडातून जेवणाचं टेबल आणि कपाटाची दारं निघाली असती हे बऱ्याच जणांना नंतर कळतं.

ज्यांना ते आधी करायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख. पहिलीच गोष्ट ध्यानात घ्या. कापणं एक-दोन दिवसांत उरकतं, खरं काम वाळवण्याचं आहे. वाळवायला त्रासदायक म्हणून जी लाकडं ओळखली जातात त्यांत ओक वरच्या रांगेत आहे. आपल्याकडच्या सुतारकामाची सवय असलेल्या माणसाला सागवान माहीत असतं. ते कमी आकसतं आणि थोडी हयगय सोसतं. ओक सोसत नाही. उन्हात उघडा टाकला तर आठवड्याभरात फळीभर चिरा.

मापं मी इंच आणि सूत अशीच देतो. इंचाचे आठ सूत हा आपल्या सुतारांचा हिशोब अमेरिकेतल्या टेपवर जसाच्या तसा चालतो.

झाड पाडण्याआधी

झाड कोणतं आहे ते नक्की करा. पानाच्या पाळ्यांना टोकाशी केसासारखं बारीक कूस असेल तर रेड ओकचा गट, पाळ्या गोलसर असतील तर व्हाइट ओकचा. बाजारात ‘रेड ओक’ नावाने एकच जात विकली जात नाही. ब्लॅक ओक, पिन ओक, स्कार्लेट ओक हे सगळे त्याच नावाखाली जातात, आणि वाळवायची रीतही साधारण सारखीच.

पाडल्यावर आणखी एक गमतीशीर खूण पाहता येते. रेड ओकचा दोन-तीन इंच लांबीचा सुकलेला तुकडा रेषांच्या दिशेने उभा धरा, खालचं टोक पाण्यात बुडवा आणि वरून जोरात फुंका. पाण्यात बुडबुडे येतात, कारण याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या गाभ्यात त्या बुजलेल्या असतात, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याची करतात. यातून एक निर्णय इथेच होऊन जातो. रेड ओक पाणी शोषतो, तेव्हा त्याचं बागेतलं बाकडं करू नका. घरात ठेवायच्या वस्तू करा.

पाडायचा काळ शक्यतो हिवाळ्याचा ठेवा. थंडीत किडे नसतात आणि ओंडका सावकाश वाळतो. शिवाय मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा अशा राज्यांत ‘ओक विल्ट’ हा बुरशीचा रोग आहे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ताज्या कापाकडे येणारे छोटे भुंगे तो पसरवतात. तिथे एप्रिल ते जुलै ओकला हात लावू नये असंच सांगितलं जातं. गावाची परवानगी लागते का, सोसायटीचे नियम काय आहेत, हेही विचारून ठेवा. परसात वर्षभर लाकडाची थप्पी दिसणं काही सोसायट्यांना चालत नाही.

झाड स्वतः पाडू नका. ते माहीतगाराचं काम आहे. फक्त त्याला आधी बजावून ठेवा: खोडाचे तुकडे साडेआठ फुटांचे हवेत. आठ फूट कामाचे, बाकीचे सहा इंच टोकांना पडणाऱ्या चिरांसाठी. हे पाडायच्या दिवशी सकाळी सांगितलं तरी चालतं. दुपारी सांगून उपयोग नाही, तोवर सरपण झालेलं असतं.

कापण्याजोगा ओंडका म्हणजे सरळ आणि निदान १४ इंच व्यासाचा. फांद्या कितीही जाड असल्या तरी सोडून द्या. आडव्या वाढलेल्या फांदीच्या लाकडात ताण भरलेला असतो, कापताच फळी धनुष्य होते. कललेल्या झाडाच्या खोडातही हाच प्रकार.

घराजवळच्या झाडात लोखंड असतंच असं धरून चाला. कुणी कपड्यांची दोरी बांधायला आकडा मारलेला असतो, कुणी पाटी ठोकलेली असते, आणि झाड ते गिळून वर वाढत जातं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळा-काळा डाग दिसला तर आत खिळा आहे. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि लोखंडाला लागून ते शाईसारखं काळं पडतं. धातुशोधक फिरवून पाहा. परक्याच्या करवतीचं पातं तुमच्या खिळ्यावर तुटलं तर त्याचे पैसे बहुतेक तुम्हीच भरता.

टोकं बंद करा, त्याच दिवशी

लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कित्येक पट वेगाने उडतं. टोक आकसतं, मधला भाग आकसत नाही, आणि तोंडावर चांदणीसारख्या चिरा फुटतात. त्या रोज आत सरकतात. ओंडका जमिनीवर आला की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना मेणाचं द्रावण फासा. ‘अँकरसील’ नावाने ते डब्यात मिळतं. नसेल तर उरलासुरला ऑइलपेंट दोन-तीन जाड हातांत द्या, तोही बरंच काम करतो. आठवड्याने लावलेलं मेण जवळपास वाया.

ओंडके मातीवर ठेवू नका, दोन आडव्या लाकडांवर ठेवा. हिवाळ्यात काही आठवडे थांबलात तरी चालेल. उन्हाळ्यात थांबू नका. सालीखालचं फिकट लाकूड लवकर काळवंडतं आणि पोखरलं जातं.

कापणं: भाड्याने की स्वतः

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वेळी फिरती बँडसॉ मिल, म्हणजे पट्ट्यासारख्या पात्याची ओंडके कापायची करवत, असलेला माणूस बोलवा. तो ट्रकमागे यंत्र जोडून घरी येतो आणि तासावर किंवा बोर्डफुटावर पैसे घेतो. बोर्डफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड एवढं लाकूड. बँडसॉचं पातं पातळ असतं, भुशात जेमतेम सूतभर लाकूड जातं. चेनसॉ दर कापाला तीन सूत खाते. तीन फळ्या काढल्या की चौथी भुशात गेलेली असते.

तरी चेनसॉ मिलचा मोह अनेकांना होतो, आणि जिथे ट्रक पोचत नाही तिथे दुसरा इलाजही नसतो. चेनसॉच्या पट्टीला बसवायची अलास्कन मिल नावाची चौकट मिळते. इंजिन निदान ७० सीसीचं हवं. साखळी उभ्या कापासाठी घासलेली हवी, म्हणजे दातांचा कोन साधारण १० अंश. नेहमीच्या साखळीने उभं कापायला गेलात तर इंजिन रडतं आणि फळी खडबडीत निघते. पहिला काप सरळ यावा म्हणून ओंडक्यावर ॲल्युमिनियमची शिडी किंवा दोन सरळ फळ्या पक्क्या बसवायच्या आणि त्यांवरून चौकट सरकवायची. पहिला काप वाकडा गेला तर पुढचे सगळे तसेच येतात. कापामागे पाचरी ठोकत जा, नाहीतर वरची फळी बसते आणि पट्टी अडकते. कानांवर संरक्षण, डोळ्यांवर चष्मा, पायांना चेनसॉसाठीची पँट आणि तोंडावर धुळीचा चांगला मास्क, यांतलं काहीच ऐच्छिक नाही. ओकची धूळ फुप्फुसांना वाईट.

वजनाचा अंदाज आधी घ्या. २० इंच व्यासाचा, आठ फूट लांब ओला ओंडका सुमारे अर्ध्या टनाचा असतो. तो लोटायला लांब दांड्याचा आकडा घ्या आणि उताराच्या बाजूला कधीही उभे राहू नका.

ताजं लाकूड गुलाबीसर दिसतं आणि त्याला आंबूस वास येतो. काम करता करता तळहात निळे-काळे होतात. तोच टॅनिन आणि लोखंडाचा खेळ. साबणाने जात नाही, लिंबू चोळलं की बरंच उतरतं. ओल्या फळीवर स्टीलचा टेप विसरलात तर फळीवर त्याची काळी सावली उमटते. वरवरची असेल तर रंध्यात जाते, खोल गेली तर ऑक्झॅलिक ॲसिड लावावं लागतं.

किती जाड, कोणत्या दिशेने

पाऊण इंचाची तयार फळी हवी असेल तर एक इंच एक सूत जाड कापा. वरचे तीन सूत आकसण्यात, वाकण्यात आणि रंध्यात जातात. टेबलाच्या पायांसाठी दोन-तीन इंच जाड कापायची इच्छा होते. पहिल्या वेळी ती आवरा. दुप्पट जाडीला दुपटीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि बाहेरून धड दिसणारा जाड ओक आतून पोकळ चिरांनी भरलेला निघू शकतो. पाय हवेत तर वाळलेल्या फळ्या चिकटवून करा.

दिशेचा फरक समजून घेण्यासारखा आहे. ओंडका वरून खाली सरळ कापत गेलात तर बहुतेक फळ्यांवर डोंगरासारखी नक्षी येते. या फळ्या रुंदीत जास्त आकसतात: पूर्ण ओल्यापासून अगदी कोरडं होईपर्यंत ८.६ टक्के. वाढीची वलयं फळीच्या पृष्ठाला काटकोनात येतील अशा कापलेल्या फळ्या त्याच्या निम्म्याहून कमी, ४ टक्के. घरातल्या कोरडेपणापर्यंत आणताना १० इंच रुंदीची साधी फळी साधारण पाच सूत कमी होते, काटकोनातली सव्वादोन सूत. शिवाय या दुसऱ्या फळ्यांवर ओकची ती चमकदार, चट्ट्यापट्ट्यांची नक्षी उमटते. जुन्या अमेरिकन फर्निचरवर पाहिली असेल.

हे साधायला ओंडक्याचे चार भाग करायची गरज नाही. सरळ कापत जा. मधोमध येणाऱ्या दोन-तीन रुंद फळ्यांत दोन्ही बाजूंना वलयं आपोआप काटकोनात असतात. त्या फळ्यांच्या मधला, भेंडाचा दोन-तीन इंचांचा पट्टा उभा कापून टाकून द्या. तो कसाही वाळवला तरी फुटतोच. उरलेल्या दोन अरुंद फळ्या ओंडक्यातलं सगळ्यात चांगलं लाकूड.

थप्पी लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कापल्याच्या दिवशीच थप्पी लागली पाहिजे. फळ्या एकमेकींवर सपाट पडून राहिल्या तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.

जागा सावलीची आणि वारा खेळता असलेली हवी. बंद गॅरेज नको, भर ऊनही नको. गवत काढून जमिनीवर प्लॅस्टिक अंथरा म्हणजे खालची ओल वर येणार नाही. त्यावर सिमेंटचे ठोकळे ठेवून पाया दीड फूट उंच करा आणि त्यावर १६ इंचांच्या अंतराने चौरस आडव्या तुळया टाका. सगळ्या तुळया एका पातळीत आहेत ना, हे दोरी ताणून तपासा. पाया पिळलेला असेल तर फळ्या तोच पीळ घेऊन वाळतात आणि तो पुन्हा निघत नाही.

फळ्यांवरचा भुसा झाडून काढा. मग प्रत्येक थराखाली पाऊण इंच जाडीच्या पट्ट्या ठेवा, बरोबर तुळयांच्या रेषेत. वरच्या थराची पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी डोक्यावर आली पाहिजे, म्हणजे भार सरळ खाली उतरतो. पट्टी दोन इंच इकडे-तिकडे झाली की त्या ठिकाणी फळीला बाक. दोन्ही टोकांना तर पट्टी हवीच. या पट्ट्या कोरड्या लाकडाच्या आणि एकाच जाडीच्या हव्यात. कापताना उरलेल्या ओल्या ओकच्या चिपा सोयीच्या वाटतात, पण त्यांचे आडवे डाग फळीत खोल उतरतात आणि रंध्यानेही जात नाहीत. एका थरात एकाच जाडीच्या फळ्या, आणि शेजारच्या दोन फळ्यांत बोटभर फट. फळ्यांच्या टोकांना पुन्हा मेण लावा.

वर फूटभर बाहेर येईल असा पत्रा किंवा जाड प्लायवुड टाका. गंजका पत्रा नको, त्यावरून गळलेलं पाणी ओकवर काळे ओघळ सोडतं. झाकणावर सिमेंटचे ठोकळे ठेवा, झेपतील तितके. वरच्या थरांना दाबून धरणारं दुसरं काही नसतं. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळण्याचा मोह टाळा, आत वाफ कोंडते. मात्र कोरडा गरम वारा सुटत असेल तर पहिले काही आठवडे वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावून ठेवा.

वाळताना आत काय होतं

ताज्या रेड ओकमध्ये कोरड्या वजनाच्या साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं. नळ्यांतलं मोकळं पाणी आधी जातं, त्याने लाकूड आकसत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या खाली गेला की तंतूंमधलं पाणी सुटू लागतं आणि आकसणं सुरू होतं. अडचण अशी की फळीचा पृष्ठभाग तिथे काही दिवसांत पोचतो आणि आतला भाग अजून चिंब असतो. बाहेरचं कवच आकसू पाहतं, आतलं हटत नाही, आणि पृष्ठभाग फाटतो. म्हणून पहिले सहा-आठ आठवडे धोक्याचे. पंखा लावू नका, फळ्या उन्हात सरकवू नका. या काळात पडलेल्या चिरा पुढे मिटल्यासारख्या दिसतात, पण त्या तिथेच असतात. टेबलाला पॉलिश लावलं की बारीक काळ्या रेघा होऊन वर येतात.

ओलावा २० टक्क्यांच्या आसपास आल्यावर तुम्ही घाई करू शकता.

‘इंचाला एक वर्ष’ हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. तो ढोबळ आहे. एक इंची रेड ओक उघड्यावर २० टक्क्यांपर्यंत यायला हवामानाप्रमाणे ७० ते २०० दिवस लागतात. एप्रिलमध्ये थप्पी लावली तर शरद ऋतूपर्यंत काम होतं. नोव्हेंबरात लावली तर हिवाळाभर फारसं काही घडत नाही, पण सुरुवात सौम्य होते, आणि ओकला तेच मानवतं.

अंदाजावर राहू नका, मोजा. दोन टोचण्यांचं ओलावामापक यंत्र स्वस्तात मिळतं, पण ३० टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्याला अर्थ नसतो. सुरुवातीला तराजू जास्त खरा. एका जास्तीच्या फळीच्या टोकापासून फूटभर आत, इंचभर रुंद चकती कापा. लगेच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. समजा १४२ ग्रॅम भरली. ओव्हन १०३ अंश सेल्सियसला ठेवून ती दिवसभर सुकवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. समजा ८० ग्रॅम उरली. गेलेलं पाणी ६२ ग्रॅम, भागिले ८०, म्हणजे ओलावा साडेसत्त्याहत्तर टक्के. चकती कापल्यावर उरलेल्या फळीच्या तोंडाला मेण लावून ती तेव्हाच तोला. १०.६५ किलो असेल, तर १.७७५ ने भागून तिचं कोरडं वजन ६ किलो येतं. हा आकडा फळीवर खडूने लिहा आणि ती थप्पीत हाताशी येईल अशी ठेवा. दर महिन्याला काढून तोला. ७.२ किलो झाली की २० टक्के, साडेसहा किलो झाली की ८ टक्क्यांच्या जवळ.

पण साडेसहा किलो ती बाहेर कधीच होणार नाही. पूर्व अमेरिकेत उघड्यावरचं लाकूड १२ ते १४ टक्क्यांवर येऊन थांबतं. हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या घरात मात्र ते ६ ते ८ टक्क्यांपर्यंत उतरतं. कोकणातून हौसेने आणलेल्या देव्हाऱ्याचं दार इथल्या पहिल्याच हिवाळ्यात फाटतं ते यामुळेच. पावसाळी हवेत १५ टक्क्यांच्या वर राहिलेलं लाकूड एकदम निम्म्यावर येतं. तेव्हा बाहेर वाळलेल्या ओकचं लगेच टेबल केलंत, तर त्या देव्हाऱ्याचीच गत होईल.

शेवटचे काही टक्के, आणि कीड

थप्पी आत आणा. तळघरात किंवा गरम राहणाऱ्या खोलीत तशाच पट्ट्यांवर लावा आणि छोटा पंखा सोडा. दोन-तीन महिन्यांत आकडा ८-९ वर येतो. घाई असेल तर प्लायवुड आणि थर्माकोलची खोकीवजा खोली करून आत हवेतली ओल शोषणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, ठेवतात. तिसरा मार्ग सौर भट्टीचा. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा आराखडा त्यासाठी प्रसिद्ध आहे: दक्षिणेकडे उतरतं पारदर्शक छप्पर, आत काळा रंग आणि पंखे. रात्री भट्टी थंड होते, हवा दमट होते आणि फळीतला ताण सैल पडतो, म्हणून ओकला ती मानवते. फक्त मोठ्या भट्टीत चार फळ्या टाकून चालवू नका, त्या भाजून निघतील.

ओकच्या सालीलगतच्या फिकट लाकडात पिष्ट असतं आणि त्यावर लिक्टस जातीचे भुंगे अंडी घालतात. वर्षाने फळीला टाचणीएवढी भोकं पडतात आणि खाली मैद्यासारखी भुकटी सांडते. नुसतं वाळवून ही कीड मरत नाही. ताज्या कापलेल्या फळ्यांवर थप्पी लावताना बोरेटचं (बोरॅक्ससारख्या क्षाराचं) पाणी फवारा, किंवा शेवटी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला तापेल अशी भट्टी द्या. व्यावसायिक भट्टीवाले हे पैसे घेऊन करून देतात. मी तर फिकट कडा कापूनच टाकायला सांगेन. कडेचा तो पांढरा पट्टा पॉलिशखालीही नीट मिसळत नाही.

रंधा मारण्याआधी

ज्या खोलीत काम करणार तिथे फळ्या दोन आठवडे ठेवा. पहिली फळी उभी चिरताना सावध राहा. आतला ताण राहिलेला असेल तर काप मिटतो आणि करवतीचं पातं पकडतो, म्हणून मागे पाचर हवी. रंधा मारताना दोन्ही बाजूंनी सारखं लाकूड काढा. एकाच बाजूने काढलं तर फळी रात्रीत पन्हाळीसारखी वाकते. जाडी अर्धा सूत जास्त ठेवून चार दिवस पट्ट्यांवर ठेवा, मग शेवटचा हात द्या.

आणि टेबल करणार असाल तर वरचा पाट खालच्या चौकटीला चिकटवू नका. तीन फूट रुंदीचा साध्या कापाचा पाट दमट उन्हाळा आणि कोरडा हिवाळा यांच्यामध्ये तीन सूत हलतो. स्क्रू लांबट भोकांतून घ्या, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते.